भवानी पेठेतला पुनर्विकास: सहीच्या आधी मोजणी

जुन्या वसाहतीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला की रहिवाशांच्या हातात सगळ्यात आधी पडतो तो संमतीचा कागद. वर उंच इमारतीचं रंगीत चित्र, खाली सहीची जागा. सभा, मोजणी, खर्चाचा हिशेब, घराचा आराखडा हे सगळं नंतर येतं. पुष्कळदा येतच नाही. हा क्रम उलटा आहे, आणि तो सुलटा करणं रहिवाशांच्याच हातात आहे. सहीच्या आधी काय काय व्हायला हवं, कायदा त्याबद्दल काय सांगतो, आणि सोलापूरच्या भवानी पेठेत त्यात कोणत्या गोष्टींची भर घालावी लागेल, याची ही मांडणी.

भवानी पेठेचं नाव मुद्दाम घेतलं आहे. मड्डी वस्ती, घोंगडे वस्ती आणि आसपासच्या गल्ल्यांमध्ये घर नुसतं राहण्यापुरतं नसतं. कुठे त्याच छताखाली माग चालतो, कुठे विडी वळली जाते, कुठे शिलाई मशीन फिरतं. इथे आराखडा चुकला तर माणसाला घर मिळतं आणि रोजी जाते.

घर म्हणजेच कारखाना

सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये उभी राहिली. मागोमाग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम अशा गिरण्या आल्या. तेलंगणातून आलेली पद्मशाली विणकर कुटुंबं शहराच्या पूर्व भागात स्थिरावली. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, पण माग राहिले. सोलापुरी चादर आणि टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं, ते याच यंत्रमागांच्या जोरावर. आणि ज्या घरात पुरुष मागावर, त्या घरातली बाई विड्या वळणारी, हे चित्र पूर्व सोलापुरात पिढ्यान् पिढ्या आहे.

विडी वळण्याच्या कामाला जागा कशी लागते ते जवळून पाहिलं पाहिजे. बाई उंबऱ्यापाशी बसते, कारण तिथे उजेड असतो. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि मापाने कापलेली पानं. पानं आधी भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावी लागतात, म्हणजे हाताशी पाणी हवं. तंबाखूची धूळ उडते, म्हणून वारा खेळता हवा. शेजारीण समोर बसलेली असते. हात चालतात तशा गप्पाही चालतात, आणि दोघींची लहान मुलं दोघींच्या नजरेखाली राहतात. वळलेल्या विड्या कारखान्यात नेऊन द्यायच्या आणि तिथून पानं-तंबाखू आणायची, तेही पायी जमेल इतक्या अंतरावर. आता हीच बाई चौथ्या मजल्यावरच्या एका खिडकीच्या खोलीत, बंद दारामागे बसवून पाहा. क्षेत्रफळ वाढलेलं असेल, पण उजेड कमी, धूळ जास्त, मुलं नजरेआड आणि पानांचं ओझं घेऊन जिन्याच्या खेपा.

यंत्रमागाची गोष्ट वेगळी. त्याचं वजन आणि धक्के वरच्या मजल्याला सोसत नाहीत; त्याला तळमजला, भक्कम पाया आणि थ्री-फेज वीज लागते. त्याचा आवाज शेजारच्या भिंतीतून जातो. म्हणून माग असलेल्या घरांसाठी तळमजल्यावर वेगळे गाळे किंवा सामाईक शेड हा आराखड्याचा मूळ भाग असायला हवा. इमारत उभी राहिल्यावर पार्किंगमध्ये कुठेतरी जागा काढू, असं म्हणून तो प्रश्न सुटत नाही.

तिसरी गोष्ट पाण्याची. सोलापुरात वर्षानुवर्षं नळाला रोज पाणी आलेलं नाही. काही दिवसांआड येतं आणि तेवढ्यात साठवून ठेवावं लागतं. घराघरात पिंपं, हौद, सिंटेक्सच्या टाक्या आहेत त्या यासाठी. मुंबई-पुण्याच्या आर्किटेक्टने काढलेल्या नकाशात पिंपाला जागा नसते. इथे जमिनीखालची टाकी किती लिटरची, गच्चीवरची किती, पंपाचं वीजबिल कोण भरणार, हे दिवाणखान्याच्या रंगापेक्षा कितीतरी महत्त्वाचं आहे. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. तेव्हा रात्री अंगणात किंवा गच्चीवर झोपणारी माणसं कुठे झोपणार, हेही विचारावं लागतं.

हे प्रश्न बाहेरून आलेल्या तज्ज्ञाला सुचत नाहीत, यात त्याचा दोष नाही. ते ज्यांना माहीत आहेत त्यांना विचारलं जात नाही, दोष त्या पद्धतीत आहे.

जागा कोणाची, हे पहिलं

पुनर्विकासाचा मार्ग जमिनीच्या मालकीवरून ठरतो. म्हणून सगळ्यात आधी सिटी सर्व्हे कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा काढावा. त्यावर नाव संस्थेचं आहे, मूळ मालकाचं आहे, म्हाडाचं आहे, की महापालिकेचं, त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

सहकारी गृहनिर्माण संस्था असेल आणि जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल, तर १९६३ च्या मालकी हक्काच्या सदनिका कायद्यानुसार मानीव अभिहस्तांतरण करून जमीन संस्थेच्या नावावर घेता येते. ते न करता पुनर्विकासाची बोलणी करू नयेत. म्हाडाची वसाहत असेल तर सोलापूर जिल्हा पुणे मंडळाच्या अखत्यारीत येतो; भाडेपट्टा आणि परवानगी तिथली लागते. जुन्या वाड्यातले भाडेकरू असतील तर १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यांना संरक्षण आहे. इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही. पण त्यासाठी भाडेपावत्या, वीजबिलं आणि राहत्या जागेचं मोजमाप कागदावर असलं पाहिजे. घोषित झोपडपट्टी असेल तर १९७१ चा झोपडपट्टी कायदा लागू होतो आणि तिथे राहण्याच्या पुराव्याची तारीख कळीची ठरते.

एकाच गल्लीत हे चारही प्रकार शेजारी शेजारी असू शकतात. शेजारच्याला जे लागू आहे ते आपल्यालाही असेल, असं धरून चालू नये.

मोजणी रहिवाशांनीच करावी

लोकसहभागाची खरी सुरुवात यादीपासून होते. कोण राहतं, किती जण, किती जागेत, काय काम करतात, घरात म्हातारं किंवा अपंग माणूस आहे का, माग आहे का, विडीचं काम चालतं का, पाणी कशात साठवतात. ही यादी ज्याच्या हातात त्याच्या हातात सौदा.

याचं मोठं उदाहरण मुंबईचं आहे. १९८५ मध्ये भायखळ्याच्या फुटपाथवरच्या कुटुंबांना हटवण्याची टांगती तलवार होती. तेव्हा स्पार्क या संस्थेने त्या लोकांना सोबत घेऊन फुटपाथवासीयांची गणना केली. सरकारदरबारी जी माणसं मोजणीतच नव्हती, ती त्या अहवालामुळे कागदावर आली. त्यातूनच महिला मिलन ही फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची संघटना उभी राहिली. गणना करायला बाहेरचा सर्वेक्षक आला असता तर आकडे मिळाले असते, संघटना मिळाली नसती. दारोदार फिरून माहिती गोळा करणाऱ्या बायकांना आपली वस्ती पहिल्यांदा सगळी कळली, आणि वस्तीला त्या बायका कळल्या.

भवानी पेठेतल्या वसाहतीत हे काम आणखी सोपं आहे. प्रत्येक मजल्यावरून किंवा प्रत्येक बोळातून दोघं निवडावीत, त्यांतली एक तरी बाई असावी. मोजपट्टी, वही आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो. प्रत्येक घराचं आतलं माप घरच्यांसमोर घ्यावं, वहीत त्यांची सही घ्यावी, आणि सगळी यादी फलकावर लावावी. हरकत असेल त्याने आठ दिवसांत सांगावी. पुढे पाडकाम झाल्यावर जुनं माप सिद्ध करायला दुसरा भक्कम पुरावा क्वचितच उरतो.

सोबत इमारतीची तपासणीही व्हावी. तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार करून घ्यावं लागतं. त्यात इमारतीचा वर्ग ठरतो: सी-१ म्हणजे राहायला अयोग्य, ताबडतोब रिकामी करायची, सी-२अ आणि सी-२ब म्हणजे मोठी दुरुस्ती, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. परीक्षण करणारा अभियंता संस्थेने नेमलेला असावा, बिल्डरने पाठवलेला नसावा. दुरुस्तीने वीस वर्षं टिकणारी इमारत ‘धोकादायक’ म्हणून पाडायला लावणं हा काही नवा प्रकार नाही.

सभा: कायदा काय म्हणतो

सहकारी संस्थांच्या पुनर्विकासासाठी राज्य सरकारने सहकार कायद्याच्या कलम ७९अ खाली ३ जानेवारी २००९ रोजी निर्देश काढले आणि ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने ते सुधारले. त्यांचा गाभा असा.

एक पंचमांश सभासदांनी लेखी मागणी केली की समितीला पुनर्विकासासाठी विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. सभेची नोटीस चौदा दिवस आधी द्यायची. गणपूर्तीला एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश हजर हवेत. निर्णयाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची मंजुरी हवी. हजर असलेल्यांच्या नव्हे, एकूण सभासदांच्या. आधी वास्तुविशारद किंवा प्रकल्प सल्लागार नेमायचा, त्याने व्यवहार्यता अहवाल द्यायचा, तो सभासदांना पाहायला ठेवायचा, त्यांच्या लेखी सूचना घ्यायच्या, त्या लक्षात घेऊन निविदेचा मसुदा करायचा, आणि मग निविदा. विकासक निवडण्याच्या सभेला सहकारी संस्थांच्या निबंधकांचा प्राधिकृत अधिकारी हजर राहतो आणि सभेचं चित्रीकरण होतं. समितीचे पदाधिकारी किंवा त्यांचे नातेवाईक विकासक असू शकत नाहीत. विकासकाने प्रकल्प खर्चाच्या २० टक्के रकमेची बँक हमी द्यायची असते.

लोकसहभागाच्या दृष्टीने या सगळ्यातली सगळ्यात मोलाची पायरी व्यवहार्यता अहवालावरच्या सूचनांची. तीच नेमकी घाईत उरकली जाते. अहवाल इंग्रजीत, तीस-चाळीस पानांचा, कार्यालयात एकच प्रत, आणि सूचना द्यायला चार दिवस. सभासदांनी इथे ठाम राहावं. अहवालाचा मराठी सारांश मागावा. पूर्व भागात अनेकांची घरची भाषा तेलुगू आहे, काहींची कन्नड किंवा उर्दू. इतिवृत्त मराठीत राहील, पण समजावून सांगणं ज्याच्या त्याच्या भाषेत व्हायला काहीच अडचण नसावी. आणि सभेची वेळ मागाची पाळी, विड्या कारखान्यात नेऊन देण्याची वेळ आणि पाणी येण्याचा दिवस पाहून ठरवावी. पाण्याच्या दिवशी ठेवलेल्या सभेला बायका येत नाहीत, आणि मग त्यांची गैरहजेरी ही त्यांची उदासीनता ठरवली जाते.

एक गोष्ट स्पष्ट माहीत असावी. ७९अ चे निर्देश मार्गदर्शक स्वरूपाचे आहेत, असं मुंबई उच्च न्यायालयाने अनेक निकालांत मानलं आहे. एखादी पायरी चुकली म्हणून सगळी प्रक्रिया रद्द होईलच, असं नाही. बहुमताने घेतलेला निर्णय थोड्या सभासदांना अडवून धरता येत नाही, हेही न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलं आहे. म्हणून ‘नंतर कोर्टात बघू’ हा विचार धोक्याचा. जे बोलायचं ते सभेत, लेखी, इतिवृत्तात नोंदवून. आणि निर्देशांची चालू प्रत शहराच्या उपनिबंधक कार्यालयातून स्वतः आणून वाचावी. दुसऱ्याने सांगितलेल्या कायद्यावर विसंबू नये.

सभासदत्वाच्या कागदावर बाईचं नाव पहिलं असेल तर सभेत तिला मत असतं. पेठेतली पुष्कळ घरं नवऱ्याच्या, सासऱ्याच्या किंवा वारलेल्या माणसाच्या नावावर आहेत. वारसनोंदी आणि सहसभासदत्वाचे अर्ज पुनर्विकासाच्या आधी निकाली काढावेत. एकदा करार झाला की ज्याचं नाव त्याचं घर.

नकाशा जमिनीवर आखा

कागदावरचा नकाशा वाचता येणं ही एक विद्या आहे, आणि ती नसणं हा कमीपणा नाही. ३०० चौरस फूट म्हणजे नेमकं किती, हे आकड्यावरून आर्किटेक्टलाही अंगाला जाणवत नाही. त्यावर उपाय साधा आहे: प्रस्तावित घर मोकळ्या जागेत फक्कीने खऱ्या मापात आखायचं. दारं, खिडक्या, ओटा, मोरी, संडास सगळं. मग त्यात खरी खाट, खरं कपाट, पाण्याचं पिंप, सूप घेऊन बसलेली बाई, असं मांडून पाहायचं. अर्ध्या तासात लोक बोलायला लागतात: दार इकडे उघडलं तर खाट अडते, मोरी लहान आहे, ओट्यापाशी उजेड नाही.

महिला मिलनच्या बायकांनी भायखळ्यात हेच केलं. लाकूड आणि कापड वापरून खऱ्या मापाची घरं उभी केली आणि ती लोकांना दाखवायला खुली ठेवली. त्यांनी सुचवलेल्या घराचं छत उंच होतं आणि आत पोटमाळा होता. लहान जागेत मोठं कुटुंब कसं झोपतं, हे माहीत असणाऱ्यांचा तो आराखडा होता.

पुण्यात येरवड्याच्या वस्त्यांमध्ये केंद्राच्या शहरी गरिबांसाठीच्या योजनेखाली काम झालं, तेव्हा हीच पद्धत पुढे गेली. सगळी वस्ती पाडून टॉवर उभे करण्याऐवजी कच्ची घरं होती त्याच जागी, सुमारे २७० चौरस फुटांची पक्की घरं बांधली गेली. पक्कं घर असलेल्याला हात लावला नाही. गल्ल्या आणि शेजार टिकले. सुमारे दहावा हिस्सा रहिवाशांनी भरला, बाकी सरकार आणि महापालिकेने. घराचे दोन-तीन पर्याय लोकांपुढे ठेवले गेले आणि त्यांतून कुटुंबांनी निवडले. भवानी पेठेतल्या बैठ्या, अरुंद बोळांच्या भागासाठी मला हा नमुना टॉवरपेक्षा जास्त योग्य वाटतो. माग तळाशी, राहणं वर, आणि दार गल्लीत उघडणारं.

आराखड्यात घराबाहेरच्या जागेचाही हिशेब हवा. नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथ पूर्व भागातून निघतो, कोजागरीच्या सुमारास तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची रीघ लागते. नव्या आराखड्यात कुंपण, पार्किंग आणि फाटक घालताना पेठेच्या या वाटा आणि गल्लीतले मांडव कुठे जातील, हे आधी ठरवावं. तेही रहिवासीच सांगू शकतात.

पैशाचं गणित सगळ्यांसमोर

मुंबईतल्या नातेवाइकांनी सांगितलेले आकडे सोलापुरात लागू होत नाहीत, आणि अपेक्षाभंग बहुतेक इथेच होतो.

डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. सोलापूर त्यात येतं. तीस वर्षांहून जुन्या किंवा धोकादायक ठरलेल्या बहुमालकीच्या इमारतीच्या पुनर्विकासाला त्यात प्रोत्साहनपर चटईक्षेत्र आहे: सध्याच्या अधिकृत क्षेत्राच्या ३० टक्के किंवा दर घरामागे १५ चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल ते. समजा वसाहतीत ४० घरं आहेत. दर घरामागे १५ प्रमाणे ६०० चौरस मीटर जादा बांधकाम मिळालं. त्यातलं जे विकता येईल त्या पैशातून विकासकाला काय काय करायचं आहे? जुनी ४० घरं नव्याने बांधायची, दोन-तीन वर्षं ४० कुटुंबांना भाडं द्यायचं, देखभाल निधी द्यायचा, महापालिकेची शुल्कं भरायची आणि स्वतःचा नफा काढायचा. मुंबईत ६०० चौरस मीटरला जो भाव येतो त्यात हे बसतं. सोलापूरच्या पेठेत तो भाव येत नाही. शिवाय रस्ता जितका अरुंद तितकं मिळणारं क्षेत्र मर्यादित, आणि पेठेतले बोळ अरुंदच आहेत.

म्हणून कोणी ‘सगळं फुकट आणि वर मोठं घर’ म्हणत असेल तर त्याच्याकडून हा हिशेब फळ्यावर मांडून घ्यावा. हिशेब जुळत नसेल तर काम अर्धवट राहील, किंवा दर्जा खालावेल.

पर्याय आहेत. संस्थेने स्वतःच बांधकाम करायचं, म्हणजे स्वयंपुनर्विकास. त्यासाठी सवलती देणारा शासन निर्णय १३ सप्टेंबर २०१९ चा आहे. त्यात विकासकाचा नफा वाचतो, पण कर्ज, ठेकेदार आणि हिशेब संस्थेला सांभाळावा लागतो. दुसरा मार्ग सरकारी घरकुल अनुदानाचा. तिसरा भक्कम दुरुस्तीचा, आणि तो कमीपणाचा मुळीच नाही.

बांधकामानंतरचा खर्चही आजच मांडावा. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे, साफसफाई. आठवड्याच्या मजुरीवर चालणाऱ्या घराला महिन्याची देखभाल रक्कम झेपेल का? मुंबईच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे आहे; तिथल्या रहिवाशांनी हा प्रश्न लावून धरला, आणि पुढची बारा वर्षं देखभाल म्हाडाने करावी असं ठरलं.

सोलापूरचाच धडा: कुंभारी

लोकांनी स्वतः उभी केलेली वसाहत पाहायची तर लांब जायला नको. शहराबाहेर कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर महिला विडी कामगार सहकारी गृहनिर्माण संस्थेची दहा हजार घरं आहेत. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले. २००६ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते घरांचं हस्तांतरण झालं. केंद्र, राज्य आणि कामगार यांनी मिळून खर्च उचलला. संस्था बायकांची, त्यामुळे घरंही बायकांच्या नावावर.

त्याच वाटेने पुढे रे नगर आलं: असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरं. भूमिपूजन जानेवारी २०१९ मध्ये, आणि पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ रोजी, दोन्ही पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते. यंत्रमाग कामगार, विडी कामगार, कचरावेचक, फेरीवाले अशी माणसं तिथली घरमालक आहेत. दर घरामागे केंद्राचं दीड लाख आणि राज्याचं एक लाख अनुदान प्रधानमंत्री आवास योजनेतून मिळालं.

या दोन वसाहतींतून शिकायचं ते असं की मजुरीवर जगणारी माणसं संस्था चालवू शकतात, हप्ते भरू शकतात आणि दिल्लीपर्यंत पाठपुरावा करू शकतात. ‘या लोकांना काय कळतं’ या बोलण्याला सोलापुराने पक्क्या विटांत उत्तर दिलं आहे. पण एक फरकही लक्षात घ्यायला हवा. कुंभारी शहराबाहेर आहे, तिथे जमीन स्वस्त मिळाली म्हणून ते शक्य झालं. पेठेतल्या माणसाचं काम, शाळा, दवाखाना, देऊळ सगळं पायी जाण्याच्या अंतरात आहे. पुनर्विकासाच्या नावाखाली ‘तिकडे मोठं घर घ्या’ असा पर्याय पुढे आला तर तो निवडण्याचा हक्क ज्या त्या कुटुंबाचा. लादलेलं स्थलांतर आणि मागून घेतलेलं घर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

मधली वर्षं

घर सोडणं आणि नव्या घराची किल्ली मिळणं यांच्यामधला काळ हा पुनर्विकासातला सगळ्यात अवघड भाग. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचं भूमिपूजन एप्रिल २०१७ मध्ये झालं. वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट २०२५ मध्ये. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ५०० चौरस फुटांच्या घरात गेलेल्यांचा आनंद खरा आहे. पण मधल्या आठ वर्षांत कितीतरी म्हातारी माणसं ती किल्ली पाहायला राहिली नसतील.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहरात बायकर नावाची कामगार वस्ती १९७० च्या दशकात नव्याने बांधली गेली. वास्तुविशारद राल्फ अर्स्किन यांनी वस्तीतल्याच एका बंद दुकानात आपलं कार्यालय थाटलं. कोणीही आत येऊन नकाशे पाहायचं, तक्रार सांगायचं. आधी ४६ घरांचा एक छोटा गट त्या कुटुंबांशी बोलून बांधला, त्यातून शिकले आणि मग पुढे गेले. जगभर त्या कामाचं नाव झालं. तरीही अखेर मूळ रहिवाशांपैकी पाचव्या हिश्श्याहूनही कमी लोक नव्या बायकरमध्ये राहायला आले, कारण पाडकाम बांधकामाच्या पुढे धावलं आणि वाट पाहून माणसं पांगली. इतक्या मनापासून केलेल्या कामातही हे घडलं. म्हणून टप्प्याटप्प्याने बांधकाम ही अट करारात हवी: आधी मोकळ्या जागेत एक इमारत, तिच्यात पहिले लोक, मग त्यांची जुनी इमारत पाडायची, असं पुढे.

घर रिकामं करण्याआधी नोंदणीकृत करार हातात हवा. त्यात नव्या घराचं आतलं वापराचं (कार्पेट) क्षेत्रफळ, मजला किंवा सोडतीची पद्धत, भाड्याची रक्कम आणि ती दरवर्षी किती वाढेल, काम पूर्ण होण्याची तारीख, उशीर झाला तर दंड, बँक हमी, आणि काम दुसऱ्याला परस्पर देता येणार नाही अशी अट असावी. मुद्रांक शुल्काच्या भीतीने वैयक्तिक करार टाळू नये. जुन्या रहिवाशाला त्याच्या जुन्या जागेच्या बदल्यात मिळणाऱ्या घराच्या करारावर बाजारभावाने शुल्क घेता येणार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. भाडं देताना मागाच्या गाळ्याचं भाडंही मागावं. तीन वर्षं माग बंद ठेवणं कोणत्याच मागवाल्याला परवडणार नाही.

बांधकाम सुरू झाल्यावर सहभाग संपत नाही. दर महिन्याला चार-पाच रहिवाशांनी जागेवर जावं, सिमेंट-सळईच्या पावत्या आणि चाचणी अहवाल पाहावेत, फोटो काढून फलकावर लावावेत. गवंडी, सेंटरिंगवाले, प्लंबर पेठेतच राहतात. त्यांच्यातल्या एकाला त्या गटात घ्यावं. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय ताबा घेऊ नये.

या रविवारी

बिल्डरची वाट पाहत बसण्याची गरज नाही. आपल्या वसाहतीत या रविवारी दहा घरांनी एकत्र बसावं. मालमत्ता पत्रकाचा उतारा कोण काढणार, वही कोण सांभाळणार, कोणत्या बोळात कोण फिरणार, हे ठरवावं. वारसनोंदी राहिलेल्या घरांची वेगळी यादी करावी. विड्या वळणाऱ्या आणि मागावर काम करणाऱ्या प्रत्येकाला कामाला किती जागा लागते, ते माप स्वतंत्र रकान्यात लिहावं. आणि तोवर कोणी संमतीपत्र घेऊन आलंच, तर त्याला चहा द्या, कागद ठेवून घ्या, पण सभेत वाचून झाल्याशिवाय सही करू नका.